टूलखालच्या दोन पट्ट्या

"थोडंसं" हा शब्द मोजपट्टीवहिनींसमोर वापरायची सोय नव्हती. "थोडंसं म्हणजे किती?" असा प्रश्न लगेच यायचा, आणि उत्तर मिळेपर्यंत वहिनी समोरच्याला सोडत नसत. एकदा एक बाई पडदा शिवायला टाकायला आली आणि हात पसरून म्हणाली, "खिडकी साधारण एवढी आहे." वहिनींनी गळ्यातला टेप काढून तिच्या दोन हातांमधलं अंतर मोजलं आणि म्हणाल्या, "आता हात असेच धरून घरी जा, खिडकीला लावून बघा, आणि मग या." बाई रागावून गेली खरी, पण दुसऱ्या दिवशी माप लिहिलेला कागद घेऊन परत आली. मोजपट्टी हे नाव गल्लीने उगाच ठेवलं नव्हतं.

अशा बाईचं लग्न व्हावं कुणाशी? तर अंदाजपंचे दाहोदरसे चालणाऱ्या माणसाशी. वहिनींचे यजमान, म्हणजे गल्लीचे मिस्त्री, घराच्या पुढच्या खोलीत एक लहानसा लेथ चालवत. पंख्याच्या बुशी, पंपाच्या पिना, कुलपांचे खिळे, असली बारीकसारीक कामं. मोजमापाचं साहित्य त्यांच्याकडे होतं, पण ते खणात असे. "हाताला कळतं," म्हणायचे. चीड आणणारी गोष्ट ही की त्यांच्या हाताला खरंच कळायचं. अठ्ठावीस वर्षं पुढच्या खोलीत लेथ आणि मागच्या खोलीत शिवणयंत्र एकाच वेळी चालत राहिलं, आणि मधल्या दारातून नवराबायको एकमेकांना टोमणे मारत राहिले. मला विचाराल तर संसार सुखाचा होता.

मग मिस्त्रींना लकवा झाला. तोंड वाचलं, पाय महिन्याभरात सावरला, पण उजवा हात गेला तो गेलाच. खांद्यापासून कोपरापर्यंत जेमतेम हले, बोटं काहीच ऐकत नव्हती. लेथवर जुन्या चादरीचं पांघरूण पडलं.

पाच महिने वहिनींनी ते पांघरूण पाहिलं आणि सहाव्या महिन्याच्या पहिल्या तारखेला ते धुवायला टाकलं. केस घट्ट बांधले, बाह्या कोपराच्या वर दुमडल्या आणि मिस्त्रींना म्हणाल्या, "सांगा, कुठून सुरू करू?"

मिस्त्री दाराजवळच्या खुर्चीत बसून शिकवू लागले. म्हणजे उंटावरून शेळ्या हाकू लागले. "हलकं दाब." "हलकं म्हणजे किती?" "अगं, हलकं म्हणजे हलकं!" वरच्या मजल्यावर मिस्त्रींची थोरली बहीण राहायची. ती जिन्यातून ओरडायची, "अरे, शिकवतोयस की फारकत घेतोयस?" पण तीन महिन्यांत वहिनी साध्या पिना आणि बुशी करायला लागल्या. गिऱ्हाईक मिस्त्रींच्या ओळखीने यायचं, आणि काम बाईने केलंय हे कळल्यावर वस्तू दोनदा उलटीसुलटी करून बघायचं. वहिनी काही बोलत नसत. त्यांना खोट काढणारा माणूस मुळातच आवडायचा.

बिनसलं ते मिस्त्रींचंच. आपलं यंत्र दुसऱ्याच्या हाताखाली चालताना बघणं त्यांना सोसेना. बायकोचा हात होता म्हणून अधिकच सोसेना, आणि हे त्यांना स्वतःशीही कबूल करता येईना. एका सोमवारी सकाळी ते भिंतीकडे बघत म्हणाले, "शनिवारी एक माणूस लेथ बघायला येतोय. विकून टाकू. ही कामं अशी शिकून येत नसतात."

वहिनींच्या हातात तेव्हा तेलाची बुधली होती. ती त्यांनी जागेवर ठेवली.

"काटेवाल्याच्या चकत्या आहेत ना, त्या मी करते," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी तो तपासायला येईल. त्याने घेतल्या तर लेथ राहील. नाही घेतल्या तर शनिवारी लेथ दाराबाहेर ढकलायला पहिला हात माझा."

मिस्त्री हसले. "कबूल," म्हणाले.

का हसले ते सांगायला हवं. वजनकाटे दुरुस्त करणारा हा काटेवाला असा, की नाकावर माशी बसू देणार नाही. त्याला हव्या होत्या चोवीस पितळी चकत्या, कोटाच्या बटणाएवढ्या. काट्याच्या सांध्याखाली त्या बसतात, म्हणून दोन्ही बाजू आरशासारख्या सपाट हव्यात. मधोमध मोहरीएवढा उंचवटा राहिला तरी चकती डुलते, आणि चकती डुलली की काटा खोटं बोलतो. आणि लेथवर नवख्या माणसाचा पाय घसरतो तो नेमका इथेच.

लेथचं काम सांगायला सोपं आहे. चकात, म्हणजे लेथच्या फिरत्या जबड्यात, धरलेला पितळी बार गरगर फिरतो आणि समोरून टूलचं टोक त्याला सोलत जातं. बारचं तोंड सपाट करायचं तर टूल कडेपासून मध्यापर्यंत न्यायचं. पण टूलचं टोक बरोबर बारच्या मध्याच्या उंचीवर हवं. केसभर खाली राहिलं की ते मध्याच्या खालून निसटतं आणि मधोमध एक टेंगूळ शिल्लक राहतं. वर गेलं तर कापायच्या ऐवजी घासत बसतं. ही उंची जुळवायला टूलखाली लोखंडाच्या पातळ पट्ट्या सरकवायच्या असतात. एवढंच. या एवढ्याशावर वहिनींचा लेथ अडकला होता.

आणि इथे वहिनींची एक चूक सांगणं भाग आहे. मिस्त्रींकडे सात टूलं होती. प्रत्येकाच्या पट्ट्यांचा वेगळा गठ्ठा, दोऱ्याने बांधलेला, तेलाने काळा झालेला, खोक्यात कसाही पडलेला. लेथ ताब्यात घेतल्याच्या पहिल्याच आठवड्यात वहिनींनी ते सातही गठ्ठे सोडले, पट्ट्या घासूनपुसून लख्ख केल्या आणि जाडीप्रमाणे वेगळ्या करून बटणांच्या डब्यांत भरल्या. करवतीच्या जुन्या पात्यांचे तुकडे एका डब्यात, जाड लोखंडी दुसऱ्यात, डब्याच्या पातळ पत्र्याच्या तिसऱ्यात. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. मिस्त्रींना कळलं तेव्हा त्यांनी डाव्या हाताने कपाळ बडवलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! कुठल्या टूलखाली काय घालायचं याची जी काही वही होती ती त्या गठ्ठ्यांतच होती, आणि वहिनींनी ती स्वच्छ धुऊन टाकली होती.

"काही बिघडत नाही," मिस्त्री शेवटी म्हणाले होते. "नव्याने लाव. टेलस्टॉकच्या टोकाला टूलचं टोक भिडव. दोन्ही एका उंचीवर आली की झालं. तीस वर्षं मी तेच केलंय."

टेलस्टॉक म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाला असलेला सरकता ठोकळा. त्यात सुईसारखं टोक असलेला सेंटर बसवलेला असतो. लांब बारला तो मागून आधार देतो, आणि त्याचं टोक बारच्या बरोबर मध्यावर येतं. म्हणजे यायला हवं.

मंगळवारी वहिनींनी टूल टोकाला टोक भिडवून लावलं, बोल्ट आवळले, पितळी बार चकात धरला आणि पहिली चकती केली. मधोमध टेंगूळ. दुसरी केली, तिलाही टेंगूळ, अगदी तेवढंच. तिसरीचं टेंगूळ त्यांनी गुपचूप कानशीने घासायला घेतलं. मिस्त्री दुसऱ्या खोलीत होते, पण कानशीचा आवाज भिंतीपलीकडेही ओळखू येतो.

"शिवण उसवली तर तू डिंक लावतेस का?" तिथूनच प्रश्न आला.

वहिनींनी कानस खाली ठेवली. त्यांचे कान तापले, कारण टोमणा खरा होता. त्या दिवशी त्यांनी अकरा चकत्या केल्या आणि अकराही भंगाराच्या डब्यात टाकल्या.

बुधवारी त्यांनी टोकं पुन्हा भिडवली. भिंग घेऊन पाहिली, टूल सोडवून परत लावली. बोल्ट आवळताना पट्ट्या दबतात आणि टोक जरासं खाली बसतं हे त्यांच्या ध्यानात आलं. म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा तपासायचं, असा त्यांनी नियम केला. टेंगूळ लहान झालं, गेलं नाही. मग करवतीच्या पात्याचा एक तुकडा जादा घातला. आता टूल किंचाळायला लागलं आणि पितळ कापलं जाण्याऐवजी नुसतं चोळलं जाऊ लागलं. तुकडा काढला. पुन्हा टेंगूळ.

"तुम्ही वर आणखी काही घालत होतात का?" त्यांनी मिस्त्रींना विचारलं.

"सेंटरला लावायचं आणि काम करायचं. आणखी काय घालणार?"

"मग सेंटरच खाली असेल."

वहिनींनी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं होतं. मिस्त्री खुर्चीतून अर्धे उठले. "तुला जमत नाही ते सांग. माझ्या मशीनला नावं ठेवू नकोस! या मशीनवर मी असली कामं केली आहेत की मोठ्या कारखान्यातले लोक बघायला यायचे. सेंटर खाली आहे म्हणे!"

संध्याकाळी थोरल्या नणंदेने जिन्यात वहिनींना गाठून हळूच म्हटलं, "सोड ना गं. शिवणकाम आहे की तुझं. हट्टाला किती पेटायचं?"

"ताई, मी हट्टाने करत नाहीये," वहिनी म्हणाल्या. "मला आवडतंय ते." आणि हे बोलताना त्यांचे डोळे भरून आले. पन्नाशीत एखादी गोष्ट नव्याने आवडायला लागते आणि आठवड्याच्या आत हातातून जाणार असते, हे दुःख सांगायला आणि ऐकायलाही चमत्कारिक वाटतं. ते दोन जाऊ द्या, एका माणसाला कळलं तरी पुरे असतं. नणंदेला कळलं असावं. ती जिना चढून वर गेली.

गुरुवारी सकाळी, मिस्त्री अजून दाढी करत होते तेव्हा, वहिनी लेथ बंद ठेवूनच बारची जाडी बघत होत्या. हातातली सहा इंची पोलादी पट्टी टूल आणि बार यांच्यामध्ये उभी होती. टूल सरकवायच्या चाकाला धक्का लागला, टूल पुढे सरकलं आणि पट्टी मध्ये चिमटली गेली. वहिनी ती ओढून काढणार तोच थांबल्या. पट्टी सरळ उभी नव्हती. तिचं वरचं टोक त्यांच्या अंगाकडे झुकलं होतं.

वहिनींनी आयुष्यभर गोल मनगटावर आणि गोल कमरेवर टेप धरला होता. गोल गोष्टीला पट्टी कुठे टेकली तर कशी उभी राहते हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. बरोबर मध्यावर टेकली तर ती ताठ उभी राहणार. मध्याच्या खाली टेकली तर खालचं टोक बारच्या पोटाखाली जाणार आणि वरचं बाहेर येणार. पट्टी बाहेर झुकली होती. म्हणजे टूल खाली होतं. आणि टूल तर सेंटरला अचूक भिडवलेलं होतं.

त्यांनी पत्र्याची एक पट्टी टूलखाली घातली, आवळली, पुन्हा पोलादी पट्टी टूल आणि बारच्या मध्ये चिमटवली. कमी झुकली. आणखी एक घातली. पट्टी ताठ उभी राहिली.

दुसरी कुणी असती तर लगेच चकत्या करायला लागली असती. वहिनींनी आधी डबा आणला. पत्र्याच्या पट्ट्यांचा. टेबलावर ओतला आणि मोजल्या. दोन लेथवर होत्या, बारा इथे. चौदा. टूलं सात.

मिस्त्री तोंड पुसत आले तेव्हा वहिनींनी चकातल्या पितळी बारला टोक काढून ठेवलं होतं. बार जिथे फिरतो तिथेच त्याला टोक काढलं, तर ते बरोबर मध्यावरच येणार. त्यात डावं-उजवं काही नाही. मग त्यांनी टेलस्टॉक सरकवत आणला आणि त्याचं टोक या टोकासमोर नेऊन उभं केलं.

"बघा," त्या म्हणाल्या.

हातच्या काकणाला आरसा कशाला? दोन टोकं समोरासमोर होती आणि एकमेकांना चुकत होती. टेलस्टॉकचं टोक अर्ध्या मिलिमीटरला जरा कमी इतकं खाली होतं. मिस्त्रींनी चष्मा मागितला. वाकून पाहिलं, डोकं तिरपं करून पाहिलं. डाव्या हाताने टेलस्टॉक मागे नेला, परत आणला, पुन्हा पाहिलं. तीस वर्षं पुढेमागे सरकून तो ठोकळा तळाशी झिजला होता.

"तुम्ही खोटं बोलत नव्हतात," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. "एकदा कधीतरी टेंगूळ दिसलं असेल, दोन पत्रे सरकवले असतील, गठ्ठा बांधून टाकला असेल. मग परत सेंटर बघायची वेळच आली नाही. सातही गठ्ठ्यांत दोन-दोन पत्रे होते. तुमच्या हाताला ठाऊक होतं. तुम्हाला नव्हतं."

मिस्त्रींनी टेबलावरचे पत्रे पाहिले. ते खुर्चीत जाऊन बसले आणि तो संपूर्ण दिवस त्यांनी एकही सूचना केली नाही. लेथ मात्र दिवसभर चालला. वहिनींनी सव्वीस चकत्या केल्या. शिंपीण मापाचं कापड कधी आणत नाही, दोन बोटं जास्तच आणते.

शुक्रवारी काटेवाला आला तो काखेत काचेचा तुकडा घेऊन. काच टेबलावर ठेवून तो एकेक चकती तिच्यावर ठेवायचा आणि बोटाने टिचकी मारायचा. मध्ये उंचवटा असेल तर चकती भोवऱ्यासारखी फिरते. सपाट असेल तर जरा सरकते आणि गप बसते. बावीस सरकल्या आणि गप बसल्या. तेविसावी गर्रकन फिरली.

"ही फिरली," काटेवाला म्हणाला.

"ही माझ्याकडून राहिली. हातचं राखून दोन जास्त केल्या आहेत, त्यातली घ्या," वहिनी म्हणाल्या. त्यांचा जीव टांगणीला लागला होता हे आवाजावरून कुणाला कळलं नसतं. ती बदललेली सरकली. शेवटचीही सरकली. काटेवाल्याने चकत्या कापडात बांधल्या आणि जाताना म्हणाला, "पुढच्या महिन्यात पन्नास लागतील. वहिनींनीच करायच्या."

तो गेला आणि वहिनी मिस्त्रींकडे वळल्या.

"आता त्या उद्याच्या माणसाला फोन करा. येऊ नका म्हणावं."

"तसं नाही करता येणार," मिस्त्री म्हणाले. "बघायला येणार नाहीये तो. न्यायला येणार आहे. मी रविवारीच शब्द दिलाय त्याला."

मिस्त्रींचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. वहिनींना तो अठ्ठावीस वर्षं माहीत होता, त्याचा त्यांना अभिमानही होता. आता त्यांना सगळं कळलं. "म्हणजे सोमवारी मला कबूल म्हणालात ते मला जमणारच नाही असं धरून. म्हणून हसलात."

मिस्त्रींनी मान खाली घातली. वहिनी लेथकडे वळल्या. त्यांनी लेथ पुसला, तेल दिलं, सातही टूलं मांडली आणि प्रत्येकाखालच्या पट्ट्या पोलादी पट्टीने तपासून, नवीन दोऱ्याने गठ्ठे बांधून ठेवले. ज्याच्या घरी जाईल त्याला तरी सगळं जुळवलेलं सापडेल, म्हणाल्या. रागाच्या भरात इतकं नीट काम करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

शनिवारी दहाच्या सुमाराला टेम्पो दारात लागला. घेणारा माणूस, बरोबर दोन हमाल, दोर आणि फळ्या. माणूस लेथभोवती एक फेरी मारून खूश झाला. "तुम्ही म्हणाला होतात तसंच आहे. नव्यासारखं."

"थांबा," मिस्त्री म्हणाले.

ते खुर्चीतून उठले. चकात पितळी बार होता, आदल्या दिवशी टूलं तपासून झाल्यावर वहिनींनी त्याला पुन्हा टोक काढून ठेवलं होतं. मिस्त्रींनी डाव्या हाताने टेलस्टॉक सरकवला. सरळ येईना. खांद्याने रेटला. दोन टोकं समोरासमोर आली.

"हे बघा. टेलस्टॉक झिजलाय. अर्धा मिलिमीटर खाली आलाय," मिस्त्री म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. स्वतःच्या मशीनबद्दल असं वाक्य त्यांनी जन्मात उच्चारलं नव्हतं. "लांब काम यावर सरळ येणार नाही. खालच्या बेडवरही चकाजवळ खड्डा पडलाय. आडव्या चाकात पाव फेरा ढिलाई आहे. नव्यासारखं म्हणालो ते चुकीचं होतं. मी शब्द दिलाय, तो मोडत नाही. हवं असेल तर असं आहे तसं न्या."

माणूस वाकून टोकं बघत राहिला. "फोनवर नाही बोललात हे."

"मला ठाऊकच नव्हतं. हिने शोधून काढलं."

माणसाने वहिनींकडे पाहिलं, मग लेथकडे, मग हमालांकडे. "मला लांब शाफ्टचीच कामं आहेत हो," तो नाराजीने म्हणाला. "हे माझ्या काय कामाचं?" त्याने हात जोडले, हमालांनी दोर गुंडाळला आणि टेम्पो मागे घेत घेत गल्लीबाहेर गेला.

वहिनी दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या होत्या. मिस्त्रींनी वळून त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते अजून त्या दोन टोकांकडेच बघत होते.

"उभी काय राहिलीस?" ते म्हणाले. "पन्नास चकत्या आहेत. बार लाव."